मोनाचा शिक्का

जबलपूरच्या कांचघर वस्तीच्या चौकात भैयालाल गजभियेची ऑटो उभी असली की चहावाला मुद्दाम विचारायचा, "काय भैयालालजी, घरच्या टॅक्सीचं कुठवर आलं?" भैयालाल चिडायचा नाही. "माही टॅक्सी रस्त्यावर, बायकोची हवेत," तो सांगायचा. "पण भाडं माह्याच टॅक्सीत ठरते. तिच्यात मीटर कुठं लावतील तेच अजून पक्कं नाही."

हा विनोद वर्षभर चालला, कारण गोष्ट खरी होती. भैयालालची बायको अंजनी आणि मुलगी मोना, दोघी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हवेत उडणाऱ्या टॅक्सीचे भाग बनवत होत्या. समुद्रापलीकडची एक कंपनी ही टॅक्सी तयार करत होती. विजेवर चालणारं लहान विमान, त्याला बरेचसे पंखे, गच्चीवरून सरळ वर उठणार आणि चार माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडणार. सगळं काम त्या कंपनीला एकटीला झेपत नव्हतं. नकाशे इकडे, सूचना लिहिणं तिकडे, भाग बनवणं आणखी तिसरीकडे, असं काम तिने वाटून दिलं होतं. त्यातला एक वाटा फिरत फिरत जबलपूरला पोचला. त्याआधी हा कारखाना लष्कराच्या गाड्यांसाठी फायबरच्या पेट्या करायचा.

अंजनीला तिथे नेलं ते तिच्या बोटांनी. लग्न होऊन ती कांचघरला आली तेव्हापासून ती सलवार-सूट शिवत होती. जबलपूरचे सूट कुठे कुठे जातात, आणि ते शिवणाऱ्या बायका अशाच गल्लीबोळांतल्या कारखान्यांत पत्र्याखाली बसलेल्या असतात. नवीन कामाला कापड हाताळायची सवय असलेले हात हवे होते, म्हणून कारखान्याने शिवणकाम करणाऱ्या बायकांना बोलावलं. अंजनी घाबरतच गेली. आत गेल्यावर तिला पांढरा झगा, टोपी आणि हातमोजे दिले आणि समोर काळं, चकचकीत, जरासं चिकट कापड पसरलं. कार्बनचं कापड. त्यात गोंदासारखं रसायन आधीच मुरवलेलं असतं. ते बर्फाच्या कपाटात ठेवतात. बाहेर काढलं की ते हळूहळू कडक व्हायला लागतं, म्हणून ठरलेल्या वेळात काम संपवावं लागतं.

काम म्हणजे थरावर थर. कापडाचा कापलेला तुकडा घ्यायचा, त्याच्या पाठीवरची प्लास्टिकची पातळ पन्नी सोलायची, तो साच्यावर नेमक्या कोनात बसवायचा, चमच्यासारख्या पट्टीने दाबून हवा काढायची. मग दुसरा तुकडा, वेगळ्या कोनात. धागे एकाच दिशेने गेले तर भाग एकाच बाजूने मजबूत होतो, म्हणून प्रत्येक थराची दिशा बदलते. सगळे थर झाले की वरून पिशवी चढवून हवा खेचून घ्यायची आणि भट्टीत टाकायचं. भट्टीतून निघतो तो दगडासारखा टणक भाग. मग आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

त्यांच्या विभागाकडे जो भाग होता तो पंख्याचा दांडा विमानाला जिथे जुळतो तिथला, कोपरासारखा वाकलेला. नकाशात त्याचं नाव लांबलचक होतं. बायका त्याला कोहनी म्हणायच्या.

अंजनीला तिथलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर शिक्का. प्रत्येकीला एक छोटा गोल शिक्का मिळाला होता, त्यावर तिचा एकटीचा आकडा. थर टाकला की कागदावर त्या थराच्या पुढे शिक्का मारायचा, म्हणजे हा थर या हाताने टाकला. सूटच्या कारखान्यात असलं काही नव्हतं. तिथे गड्डी असायची. कापलेल्या कापडाची गड्डी बाईच्या पुढ्यात पडायची आणि संध्याकाळपर्यंत ती शिवून व्हायची, एवढंच. एखादीचं लेकरू रडलं, एखादीला चक्कर आली, तर शेजारची तिची गड्डी ओढून घ्यायची. कोणत्या बाह्या कोणी जोडल्या हे कोणी विचारत नसे. शिलाई उसवलेली सापडली आणि मास्तर ओरडायला लागला की वयाने मोठी बाई पुढे व्हायची, "माह्याच हातून गेलं," म्हणायची. मास्तर दोन शिव्या देऊन निघून जायचा. अंजनीने असे पुष्कळ ओरडे दुसऱ्यांसाठी खाल्ले होते, आणि तिच्यासाठीही इतरांनी खाल्ले होते. शिक्का तिने गळ्यात दोरीला बांधला तरी गड्डी तिच्या हातातून गेली नव्हती.

मोना वर्षभराने आली. आयटीआय केलेली, इंग्रजी सूचना स्वतः वाचणारी. आई एका हाताने पन्नी झरकन ओढायची, मोना सावकाश सोलायची आणि सोललेली पन्नी उजेडात धरून बघायची.

"इतकं काय पाहून राहिली? पन्नीच आहे ना," अंजनी म्हणायची.

"मम्मी, कोना फट गया तो अंदर रह जाएगा," मोना म्हणायची. तिला मराठी सगळी कळायची, पण बोलताना ती अर्ध्यातून हिंदीत जायची.

"माहे सूट घालून बायका लग्नाला गेल्या. एकीचीबी बाही निघाली नाही."

"बाही निकलेगी तो लोक हसतील, बस. ही टॅक्सी वरून पडेल."

विभागाचा प्रमुख अंकुर नावाचा तरुण इंजिनिअर होता. घरी मराठी बोलणारा, आईच्या वयाच्या बायकांना काकू म्हणणारा. पलीकडच्या कंपनीने दोन मुली मागितल्या तेव्हा त्याने मोना आणि तिच्याच विभागातली एकता ही दोन नावं पाठवली. सहा महिने तिकडे जायचं, जिथे सगळे भाग जुळून टॅक्सी उभी राहते तिथे शिकायचं आणि परत येऊन इथल्यांना शिकवायचं. बातमी कळली त्या रविवारी कांचघरच्या विहारात बायकांनी खीर केली. भैयालालने ऑटोला नवीन झालर लावली. त्यांच्या घराण्यात विमानात कोणी बसलं नव्हतं, आणि मोना तर विमान जुळताना पाहणार होती. अंजनी मोनासाठी लोकर आणून स्वेटर विणायला बसली, तिकडे थंडी फार असते म्हणून.

मग पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून फोन आला. आजच या, साहेब उद्या सुट्टीवर आहेत.

मोना जेवणाच्या सुट्टीत गेली. तिच्या टेबलावर अर्धी कोहनी होती. सुट्टीत जाऊन परत येऊ असं तिला वाटलं, पण ठाण्यातला साहेब बाहेर गेला होता आणि ती बाकावर अडकली. इकडे सुट्टी संपली. मोनाच्या टेबलावरचं कापड बाहेर काढलेलं होतं आणि त्याची वेळ चालू होती. नियम अगदी सोपा होता. अंकुरला सांगायचं, तो दुसरीला उरलेले थर देतो, ती आपल्या थरांवर आपला शिक्का मारते. पण अंजनीला वाटलं, नाव पाठवलं तेव्हाच पोरगी टेबल सोडून गेली असं सरांच्या कानावर काहून घालायचं. तिचं स्वतःचं काम आटोपलं होतं. ती मोनाच्या टेबलापाशी गेली आणि तिने गड्डी ओढून घेतली.

मोना धापा टाकत आली तेव्हा साच्यावर तीन थर जास्त होते आणि कागदावरच्या तीन जागा कोऱ्या.

"हे कोणी केलं?"

"कोणी का करंना. मार तुहा शिक्का न् पुढचं उचल."

"मम्मी, सरांना बोलते मी."

"सर काय म्हणतील? वेळ होऊन राहिला. मार."

मोना शिक्का हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिने तो तीनदा मारला.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. कोहनी भट्टीतून निघाली, रांगेत लागली. स्वेटरची पाठ पूर्ण झाली, बाह्या राहिल्या होत्या.

प्रत्येक भागाची शेवटी ध्वनिलहरींनी तपासणी होते, डॉक्टर पोटातलं लेकरू बघतात तशीच. त्या कोहनीत एका जागी लहानसा डाग दिसला. थरांच्या मध्ये पन्नीचा फाटलेला कोपरा राहून गेला होता. तो अंजनीने टाकलेल्या थरांतला होता. कागदावर तिथे मोनाचा शिक्का होता.

मोनाला अंकुरने केबिनमध्ये बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती तशीच हात धुवायला गेली. एकता अंजनीजवळ येऊन हळूच म्हणाली, "आंटी, मोना की कोहनी में पन्नी निकली. सर ने पूछा उसको."

अंजनीला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. कोणती कोहनी हे तिच्या लगेच लक्षात आलं. पोरीवर आलेलं आपण ओढून घ्यायचं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? तिने हातमोजे काढले आणि सरळ केबिनमध्ये गेली.

"सर, मोनाची काही गलती नाही. ते थर मी टाकले होते. ते तर ठाण्यात होती बिचारी. जे काय करायचं ते माह्यासोबत करा."

अंकुर काहीतरी टाइप करत होता. त्याचे हात थांबले.

"काकू, बसा," तो म्हणाला. "कोणते थर?"

तिने सांगितले. सांगताना तिला हलकं वाटत होतं. मास्तरच्या समोर उभं राहिल्यावर वाटायचं तसंच.

"आणि शिक्का कोणी मारला?"

"तिनंच. ते नाहीच म्हणत होती. मीच म्हटलं, मार."

अंकुरने समोरचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मोनाने आत्ता मला सांगितलं की पन्नी तिच्या हातून राहिली. मी तसं लिहून घेतलं. पुन्हा थोडं ट्रेनिंग, पुन्हा परीक्षा, एवढंच होतं काकू. तिचं जाणं रद्द होणार नव्हतं. तिकडचे लोक चुकीला घाबरत नाहीत. चूक लपवणाऱ्याला घाबरतात."

अंजनी खुर्चीत पुढे सरकली.

"मंग तसंच राहू द्या ना, सर," ती म्हणाली. "मी आलीच नाही, असं समजा."

"तुम्ही आलात."

"कोणाले माहीत पडते?"

"मला पडलं." अंकुरने कपाळ चोळलं. तो फार तर मोनापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. "ती वस्तू हवेत जाणार आहे. आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. तिथे फक्त शिक्का दिसतो. तिने एकदा दुसऱ्याच्या थरावर मारला आणि आज विचारल्यावर माझ्यासमोर खोटं सांगितलं. आता तिच्या बाकीच्या भागांवर मी काय विश्वास ठेवू, तुम्हीच सांगा."

"ते कधीच कोणाचं काम घेत नाही, सर. मलेच टोकत राहते. देवाशप्पथ." देव मानायचं तिच्या घराने दोन पिढ्यांमागे सोडलं होतं, तरी ती असं म्हणाली.

"मला माहीत आहे," अंकुर म्हणाला. "पण मी ते सिद्ध नाही करू शकत."

त्याने भांडाराला फोन केला. थोड्या वेळाने एकता आणि दुसरी एक मुलगी ट्रॉली घेऊन आल्या. मोनाच्या शिक्क्याच्या सगळ्या कोहन्या रांगेतून बाहेर काढल्या आणि एकेकीला लाल चिठ्ठी बांधली. मोना आपल्या टेबलापाशी उभी राहून ते बघत होती. तिने केबिनच्या दाराकडे पाहिलं. दारात तिची आई उभी होती. कोण आत गेलं होतं आणि काय बोललं होतं, हे मोनाला कोणी सांगावं लागलं नाही.

सुट्टी झाल्यावर भैयालाल नेहमीसारखा फाटकाशी आला होता. त्याला काही माहीत नव्हतं. छावणीकडच्या सदर बाजारातून एक मेमसाब कुत्र्याला घेऊन कशी बसली आणि कुत्र्याचं भाडं द्यायला कशी नाही म्हणाली, ते तो रंगवून सांगत राहिला. मागे दोघी बसलेल्या, मध्ये डब्यांची पिशवी.

"हसत काहून नाही कोणी?" त्याने आरशात बघत विचारलं.

"बाबा, गाना लगा दो," मोना म्हणाली.

घरी आल्यावर मोनाने चेहरा धुतला, चहा ठेवला, बाबांना दिला, आईला दिला. मग स्वतःचा कप घेऊन उंबऱ्यात बसली.

"एक बार पूछ तो लेती मला," ती म्हणाली.

"मले वाटलं, तुले काढतील."

"काढणार नव्हते. मी बोलले होते सरांशी. झालं होतं सगळं."

"मले काय माहीत, बाई."

"तेच ना. उस दिन पण तू विचारलं नाही. पण शिक्का मी मारला, ती गलती माझी आहे. मी नाही म्हणायला पाहिजे होतं." तिचा आवाज चढला नाही. "मेरे हिस्से का काम तू करते, मेरे हिस्से की डांट पण तूच खाते. मग मी काय करू, मम्मी?"

भैयालाल कप हातात घेऊन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला आणि मग काही न विचारता ऑटो पुसायला बाहेर गेला.

निर्णय वरून आला तो आठवड्याभरात. मोनाचा शिक्का तिच्या देखत हातोडीने फोडला आणि फोडला म्हणून तिची सही घेतली. तिला काम सोडायला सांगितलं. अंजनीचं वेगळं झालं. तिने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या टेबलावर हात घातला होता, पण ती स्वतः चालत येऊन खरं बोलली होती. अशा माणसाला ठेवावं असा तिकडच्या कंपनीचा नियम होता. पुन्हा शिकवणी, पुन्हा परीक्षा, मग शिक्का परत.

"मी जात नाही," अंजनी म्हणाली. "थुंकली मी त्या शिक्क्यावर."

"जायचं," मोना म्हणाली. "नाही गेली तर काय होईल? मला परत घेतील?"

"तुह्या टेबलाजवळून कशी जाऊ मी रोज?"

"दुसऱ्या बाजूने जा."

अंजनी गेली. पन्नी सावकाश सोलायला ती आता शिकली. सोललेली प्रत्येक पन्नी उजेडात धरून चारी कोपरे बघायची. परीक्षेत पास झाली. अंकुरने शिक्का पुढे केला तेव्हा तिने दोरी गळ्यात घातली नाही, टेबलावरच ठेवा म्हणाली. त्याच आठवड्यात मागच्या शेडमध्ये करवत चालू होती. लाल चिठ्ठीच्या कोहन्या मधून कापत होते, म्हणजे चुकूनही कोणी त्या वापरू नयेत. त्यांतल्या एकीतही दुसरा डाग सापडला नव्हता. अंजनी आपल्या साच्यावर वाकून होती आणि करवतीचा आवाज मधूनमधून थांबला की तिला वाटायचं, आता झालं असेल. मग पुन्हा सुरू व्हायचा.

विहारात कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बायका तिच्याशी भाजीबद्दल बोलायच्या, उन्हाबद्दल बोलायच्या. मोनाच्या जागी विभागातली दुसरी मुलगी एकताबरोबर गेली.

मोनाला सदरमध्ये तयार कपड्यांच्या दुकानात काम मिळालं. फौजींच्या बायकांना ती सूट दाखवायची, घड्या मोडायची, पुन्हा घालायची. घरी ती आईशी नीट बोलायची. तेलाचं विचारायची, गॅस कधी आणायचा विचारायची. पण आपला डबा आता स्वतः भरायची, कपडे स्वतः धुवायची, केसांना तेल स्वतः लावायची. एकदा तिच्या कुर्त्याचं बटण लोंबत होतं. अंजनीने सुई-दोरा हातात घेतला, तर मोनाने कुर्ता तिच्या हातातून हलकेच काढून घेतला. "राहू दे," एवढंच म्हणाली, आणि दिव्याखाली बसून स्वतः लावत बसली. तिला बटण लावता येत नव्हतं. दोरा दोनदा गुंतला. अंजनी समोर बसून बघत राहिली आणि तिने हात मांडीखाली दाबून धरले.

थंडी सुरू झाल्यावर एके संध्याकाळी एकताचा फोटो आला. मोकळं मोठं शेड, मधोमध पांढरी टॅक्सी, पंखे लावलेली, पूर्ण. बाजूला एकता निळा झगा घालून उभी. मोनाने फोन बाबांना दाखवला, मग आईजवळ येऊन बसली. खूप दिवसांनी ती इतकी जवळ बसली होती. अंजनीने फोटोकडे पाहिलं.

"किती मोठी आहे," ती म्हणाली. "कोहनी कुठं हाय याच्यात?"

मोनाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. पंख्याचा दांडा विमानाला जिथे मिळतो ती जागा समोर आली. गुळगुळीत, पांढरी.

"इथे. आत आहे. दिसत नाही, वरून पेंट देतात."

"आपल्याच इथली असन?"

"आपल्याच इथली. दुसरीकडे बनत नाही."

अंजनीला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी ते तोंडातून निघून गेलं. "कोणाच्या हातची असन?"

मोनाने बोटाने फोटो जरा सरकवला, पुन्हा होता तिथे आणला.

"तुझी असेल," ती म्हणाली.

तिने फोन आईच्या हातात दिला आणि उद्याच्या डब्यासाठी कणीक मळायला उठली. अंजनीही सवयीने उठली, परात काढून द्यायला. मोनाने ती आधीच घेतली होती. अंजनी पुन्हा खाली बसली.